सहा प्रश्न, चौदा प्रश्न

नर्सिंग शिकणाऱ्यांना सुरुवातीलाच चौदा गरजांची एक यादी शिकवतात. रुग्ण नीट श्वास घेतो का, पुरेसे खातो-पितो का, लघवी-शौच होते का, कूस बदलता येते का, झोप लागते का, कपडे स्वतः घालता येतात का... यादी पुढे बोलणे, काम, करमणूक, शिकणे इथपर्यंत जाते. ती मांडली अमेरिकन परिचारिका व्हर्जिनिया हेंडरसन (१८९७–१९९६) यांनी. १९६० साली आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने त्यांची पुस्तिका काढली आणि ही यादी देशोदेशी पोहोचली.

युनानी शिकलेल्या माणसाला यात ओळखीचे काही दिसेल. त्याच्या अभ्यासात 'अस्बाब-ए-सित्ता जरूरिया' असतात, म्हणजे सहा आवश्यक कारणे: हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि शरीराने काय राखले, काय बाहेर टाकले. यावर लगेच "हे तर आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच होते" असे म्हणण्याचा मोह होतो. मला तो पसंत नाही. या विचाराचे मूळ ग्रीक वैद्य गॅलनकडे जाते, आणि नवव्या शतकात बगदादमध्ये तो अरबीत नीट मांडणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता. इब्न सीना वगैरे नंतरचे.

शिवाय दोन्ही याद्या एक नव्हेत. हकीम विचारतो, शरीर कशाने बिघडले, कशाने सुधारेल? हेंडरसन विचारतात, यातले काय हा माणूस स्वतः करू शकत नाही, आणि ते का? ताकद नाही, इच्छा नाही, की माहिती नाही? ताट तसेच परत आले, तर हात थरथरतो म्हणून आले, जेवावेसेच वाटत नाही म्हणून, की आपल्याला काय चालते हे कुणी सांगितलेच नाही म्हणून? तिन्हींवर इलाज वेगळा.

तरी बीमारिस्तानांचा इतिहास वाचण्यासारखा आहे, तो तिथल्या व्यवस्थेसाठी. दमास्कसचे बीमारिस्तान नूरुद्दीन जंगीने ११५४ मध्ये उभारले. ११८४ साली अंदलुसी प्रवासी इब्न जुबैर तिथे आला. कारभाऱ्यांच्या हाती वह्या असत, त्यात रुग्णांची नावे आणि त्यांच्या औषधाचा, अन्नाचा खर्च, असे तो लिहितो. वैद्य रोज सकाळी येऊन ज्याला जे मानवेल ते औषध आणि ते जेवण ठरवत. जेवणही माणसागणिक, हे महत्त्वाचे.

मकरीझी सांगतो की कलावून नावाचा एक सरदार आजारात याच बीमारिस्तानातल्या औषधांनी बरा झाला. पुढे तो इजिप्तचा सुलतान झाला आणि १२८४ मध्ये त्याने कैरोत मन्सूरी बीमारिस्तान बांधले. त्याच्या वक्फनाम्यात उन्हाळ्यासाठी ताडाच्या पंख्यांची तरतूद होती. प्रत्येक रुग्णाचे जेवण वेगळ्या भांड्यात, झाकून द्यायचे, हेही लिहिलेले होते. पुरुषांच्या सेवेला पुरुष आणि स्त्रियांच्या सेवेला स्त्रिया नेमल्या होत्या. त्या सेवेकऱ्यांपैकी कुणाचे नाव आज आपल्याला ठाऊक नाही, वैद्यांची आहेत.

आपल्या गर्दीच्या वॉर्डांत ही खिदमत बहुतेक नातेवाईकच करतात. गोळ्यांची वेळ तक्त्यावर असते, पण पाणी किती प्यायले हे कुणी विचारत नाही. पडदा पाळणारी बाई पाणी मुद्दामच कमी पिते, कारण पुरुष वॉर्डबॉयकडे भांडे मागायची लाज वाटते. वहीत लघवी कमी एवढीच नोंद होते. तिला एक पडदा आणि एक आया हवी होती, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

हेंडरसन यांच्या यादीत अकरावी गरज आपापल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करण्याची आहे. भरतीच्या कागदावर धर्माचा रकाना भरला जातो आणि विषय तिथेच संपतो. हाताला सलाईन लागलेला म्हातारा वजू करता येत नाही म्हणून नमाज सोडून कुढत पडतो. पाणी वापरता येत नसेल तर तयम्मुम चालते, बसता येत नसेल तर पडल्या पडल्या इशाऱ्यानेही नमाज होते. त्याच्याकडे ताकद नाही हे खरे, पण इथे अडले आहे ते माहितीपाशी, आणि ती द्यायला मौलानाच लागतो असे नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा मुलगाही सांगू शकतो.