बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत

गळ्यात दुर्बीण अडकवून रविवारी पहाटे खाडीकाठी निघालेला माणूस पाहून आज कोणी थबकत नाही. फार तर "पक्षी बघायला चाललेत वाटतं" एवढे म्हणून लोक आपल्या वाटेने जातात. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी अशा वेळी खाडीकडे निघालेल्या साहेबाच्या खांद्यावर बहुधा बंदूक असे. पक्षी पाहणे याचा अर्थच मुळी पक्षी पाडणे असा होता. त्या बंदुकीची दुर्बीण कशी झाली, हा इतिहास मनोरंजक आहे. आणि आज आपण खाडीवर गेल्यावर कसे वागावे, याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे.

प्रथम बंदुकीची बाजू ऐकून घेऊ. त्या काळी चांगल्या दुर्बिणी सहज मिळत नसत, सचित्र पुस्तके नव्हती. दूर चिखलात तुरुतुरु चालणाऱ्या दहा करड्या पक्ष्यांपैकी कोणता कोण, हे ठरवायचे कसे? पक्षी हातात घेतल्यावाचून त्याची चोच, पंख, पाय मोजता येत नसत. म्हणून अभ्यासक त्याला मारीत, त्याच्या कातड्यात पेंढा भरीत आणि चिठ्ठी बांधून कपाटात ठेवीत. अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव आपण राष्ट्रसभेच्या इतिहासात वाचतो. हेच ह्यूम हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राचेही मोठे संघटक होते. १८७२ पासून त्यांनी पक्ष्यांविषयी एक नियतकालिक चालविले आणि देशभरच्या अधिकाऱ्यांकडून नमुने गोळा केले. पुढे सिमल्यात त्यांच्या एका नोकराने त्यांची हस्तलिखिते बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. तेव्हा त्यांचे मन या विषयावरून उडाले, आणि १८८५ साली कातडी आणि अंडी मिळून ऐंशी हजारांच्या वरचा तो संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले.

याच्या दोन वर्षे आधी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत आठ गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. ही केवळ साहेबांची करमणूक होती, असे समजण्याचे कारण नाही. त्या आठांत दोन आपली माणसे होती. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. पशुपक्ष्यांविषयी आपापली निरीक्षणे एकमेकांना सांगावीत, नमुने दाखवावेत, एवढाच साधा हेतू होता. पुढे या संस्थेचे कपाट आणि तिचे नियतकालिक यांवर पक्षिशास्त्राच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या.

त्या पिढ्यांतील सर्वांत मोठे नाव डॉ. सालिम अली यांचे (१८९६–१९८७). त्यांचीही सुरुवात बंदुकीनेच झाली. गिरगावात खेतवाडीला राहणाऱ्या या पोराने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! मामांनी त्याला सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्डसाहेबांनी चिमणीचे नाव तर सांगितलेच, शिवाय खणामागून खण उघडून पेंढा भरलेले पक्षी मुलाला दाखविले. एका चिमणीच्या मरणातून देशाला एक शास्त्रज्ञ मिळाला. सालिम अलींनी हे कधी लपविले नाही. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नावच मुळी त्या चिमणीच्या पडण्यावरून दिले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले आणि चित्र पाहून जिवंत पक्षी ओळखण्याची सोय सामान्य वाचकाला झाली. माझ्या मते आपल्याकडे बंदूक खाली ठेवली गेली ती या पुस्तकामुळे. ज्याला पानावरून पक्षी ओळखता येतो, त्याला तो पाडण्याची गरज काय?

विलायतेत हा बदल थोडा आधी घडला होता. एडमंड सेलूस या गृहस्थाने पक्षी मारणे सोडून तासन् तास बसून त्यांचे वागणे टिपण्याचा परिपाठ ठेवला आणि १९०१ साली 'बर्ड वॉचिंग' याच नावाचे पुस्तक लिहिले. गंमत अशी, की त्याचा सख्खा भाऊ फ्रेडरिक हा आफ्रिकेतील नामांकित शिकारी! एकाच घरात एक जण नेम धरीत होता आणि दुसरा नजर.

शास्त्रासाठी घेतलेला पक्षी ही एक गोष्ट आणि हौसेसाठी केलेला संहार ही दुसरी. भरतपूरच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी शिकार झाली, तेव्हा एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. हा आकडा तिथे दगडावर कोरून ठेवला आहे. तो कोरणाऱ्याला त्यात भूषण वाटले होते; आज वाचणाऱ्याची मान खाली जाते. दगड तोच, अक्षरे तीच; बदलली ती वाचणाऱ्याची दृष्टी. पुढे १९७१ साली इराणातील रामसर गावी पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतातून जी पहिली दोन नावे त्या यादीत गेली, त्यांत चिलिका सरोवराबरोबर हेच भरतपूर होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर शिकारीच्या हौसेचे दारच लावून घेतले.

आता आपल्या दारची खाडी पाहू. शिवडी, ऐरोली, भांडुप या भागांत ठाण्याच्या खाडीकाठी दलदल आहे, तिवरांची राई आहे, मिठागरे आहेत. १९९० नंतरच्या वर्षांत येथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंनी उतरू लागले. थंडीत यायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, असा त्यांचा साधारण क्रम. कच्छच्या रणात त्यांची विणीची मोठी वसाहत आहे. सालिम अलींनी १९४५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले होते. खाडीच्या चिखलात वाढणारे सूक्ष्म शेवाळ हे लहान रोहिताचे अन्न. मान खाली घालून, चोच उलटी धरून तो पाणी गाळतो आणि शेवाळ गिळतो. २०१५ साली येथे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीचे नाव रामसरच्या यादीत आले. मात्र त्याच शिवडीहून निघणारा सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीला खुला झाला. म्हणजे हे पक्षी रानावनात नव्हे, एका महानगराच्या कुशीत राहतात. त्यांना जागा थोडी आहे आणि शेजारी फार.

रोहितांच्या बरोबरीने येथे पाणटिवळे येतात, तुतवार येतात, चिखल्या येतात. दिसायला मूठभर, पण यांतले काही उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून हजारो मैल उडून आलेले असतात. त्यांचे घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यातले किडे आणि कालवे खायचे, भरती आली की उरल्यासुरल्या कोरड्या जागेत दाटीवाटीने बसून विसावा घ्यायचा. वैशाखाच्या सुमारास परत निघण्यापूर्वी अंगात चरबी साठवायची, कारण वाटेत तीच त्यांची शिदोरी.

हे ध्यानात घेतले म्हणजे पाहुण्याने कसे वागावे याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात. भरतीच्या वेळी विसावलेला थवा आपण जवळ जाऊन उठविला, तर बिघडले काय? "उडाले, पुन्हा बसतील" असे आपल्याला वाटते. पण बसायला दुसरी कोरडी जागा त्या वेळी नसते, आणि उडण्यात खर्च होते ती त्यांची शिदोरी. दिवसातून असे दहा पाहुणे आले, तर पक्ष्याने पोट भरायचे केव्हा आणि साठवायचे काय?

आज बंदूक गेली, तिच्या जागी कॅमेरा आला. कॅमेराही रोखावाच लागतो, नाही का? लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन काठावर शांत उभा राहणारा माणूस पक्ष्याचे काही नेत नाही. पण पंख पसरलेले गुलाबी थवे टिपायला मिळावेत म्हणून जो खडा मारतो, टाळ्या वाजवितो, होडी थव्यात घालायला सांगतो किंवा डोक्यावर उडते यंत्र घिरट्या घालीत ठेवतो, तो भरतपूरच्या त्या दगडाचाच वारसदार आहे. फरक एवढाच, की त्याचा आकडा कुठे कोरला जात नाही.

प्रेमानेही नुकसान होते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे कुरव पक्षी उडत येतात आणि उतारू त्यांना शेव-गाठ्या फेकतात. मुलांना मौज वाटते, आपल्यालाही पुण्य केल्यासारखे वाटते. परंतु मासळीवर जगणाऱ्या पक्ष्याला तळलेले बेसन कशाला? टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. ती मातीच्या रंगाची, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. म्हणून रुळलेली वाट सोडू नये, आणि घरटे दिसलेच तर त्याचा गाजावाजा करू नये.

आणखी एक गोष्ट. खाडीवर आपण चार तासांचे पाहुणे. तिथला कोळी पिढ्यान् पिढ्यांचा रहिवासी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्याचा जुना ढोबळ हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पक्षी पाहायला केव्हा निघावे, हे यावरून कोणालाही काढता येईल. भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर गेलात, तर पाणी पक्ष्यांना आपणहून काठाजवळ आणते. चिखलात उतरून त्यांच्या मागे लागावे लागत नाही. त्या कोळ्याला वाट विचारावी, त्याच्या जाळ्यावर पाय देऊ नये, आणि त्यालाच "पक्षी वाचवा" म्हणून उपदेश करण्याचा शहाणपणा तर मुळीच करू नये.

माझे विद्यार्थी मला विचारतात, "सर, आपण नेमके किती अंतर ठेवायचे? पन्नास हात की शंभर?" मी म्हणतो, फूटपट्टी पक्ष्याकडे आहे. त्याने खाणे थांबवून मान वर केली, की समजा आपण फार जवळ आलो. दोन पावले मागे घ्या. वर्षभर रोज त्याच वाटेने जाणाऱ्या होडीला पक्षी सरावतो, नवख्या घोळक्याला बिचकतो. तेव्हा जाताना घोळका लहान असावा, आवाज हळू असावा, कपडे भडक नसावेत, आणि नेलेला डबा नि कागद परत घरी यावा.

ह्यूमच्या काळी पक्षी जाणून घ्यायचा तर त्याचा जीव घ्यावा लागे. आज आपल्याला तो न दुखावता जाणता येतो, ही शंभर वर्षांची कमाई आहे. ती टिकली की नाही, हे तपासायला सोपी खूण आहे. आपण खाडीवर पोहोचलो तेव्हा पक्षी जे करीत होता, तेच तो आपण निघतानाही करीत असला पाहिजे.