नारायणगुड्यापासून अडिकमेटपर्यंत

हैदराबादच्या नारायणगुड्यात शाळा-कॉलेजांची दाटी आहे. 1928 साली स्थापन झालेली माडपाटी हनुमंतराव यांची तेलुगू मुलींची शाळा, राजाबहादूर वेंकटरामा रेड्डी यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आणि 1940 साली सुरू झालेली केशव मेमोरियल ही संस्था. यातल्या तिसऱ्या नावाशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. केशव म्हणजे केशवराव कोरटकर. परभणी भागातून आलेला हा वकील गुलबर्ग्यात आणि हैदराबादेत नावारूपाला आला आणि निजामाच्या हायकोर्टात न्यायाधीश झाला. वामनराव नाईक आणि इतर मंडळींबरोबर 1907 साली विवेकवर्धिनी शाळा उभी करणाऱ्यांत ते आघाडीवर होते. 1932 साली ते वारले. पुढे त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार यांनी वडिलांच्या स्मरणार्थ नारायणगुड्यात शाळा काढली.

विनायकरावांचे आडनाव कोरटकर, विद्यालंकार ही गुरुकुल कांगडीची पदवी. ते गुरुकुल 1902 साली गंगेच्या काठी, रानात वसवलेले. तिथे शिकलेल्या माणसाला मोकळ्या जागेचे मोल कोणी सांगायला नको होते. पण संस्थानात, सरकारी आधाराशिवाय, लोकवर्गणीवर शाळा काढायची म्हणजे वस्तीतच काढावी लागे. मुले पायी येणार, पालक जवळ राहणार, देणगीदारही त्याच गल्लीत. जमीन मिळेल तेवढीच, आणि मुले वाढली की मजले चढणार. नारायणगुड्याच्या बहुतेक शिक्षणसंस्थांची गोष्ट अशीच आहे. आज या भागात झाडाखाली बसायचे म्हटले, तर लोक स्वातंत्र्यसैनिक डॉ. मेलकोटे यांच्या नावाच्या बागेकडे जातात.

त्याच काळात इथून चार-पाच किलोमीटरवर, नल्लाकुंटा-विद्यानगरच्या पलीकडे, अगदी उलटा निर्णय झाला होता.

1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग 1919 पासून गनफौंड्री भागातल्या इमारतींत भरत. उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्याचा हा मोठा प्रयोग होता, आणि त्याला शहराच्या मधोमध जागा अपुरी पडणार हे लगेच कळले. कायमची जागा निवडण्यासाठी पॅट्रिक गेडीस यांचा सल्ला घेतला गेला. गेडीस मूळचे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ. 1919 पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांना विलायतेत शिकायला पाठवण्यात त्यांचाच हात होता. हिंदुस्थानातल्या गावोगावी फिरून त्यांनी नगररचनेचे अहवाल लिहिले. त्यांची रीत अशी, की आधी गाव पायी पाहायचे, तळी, विहिरी, जुनी झाडे कुठे आहेत ते टिपायचे आणि मगच नकाशाला हात लावायचा. सरळ रेघ ओढून वस्ती पाडणाऱ्या इंजिनिअरांवर ते चिडत. उस्मानियासाठी निवड झाली ती शहराबाहेरच्या अडिकमेटची.

ही जमीन रिकामी होती, पण तिला इतिहास होता. अठराव्या शतकात ती शायरा महलका बाई चंदा हिच्या जहागिरीत होती. विद्यापीठ परिसरात तिच्या नावाने ओळखली जाणारी जुनी बारव आहे. दख्खनचा हा ग्रॅनाइटचा पट्टा. वर मातीचा थर पातळ, खाली खडक. पावसाचे पाणी सखल जागी साचते, फटींतून मुरते, आणि तिथेच विहिरी-बारवा खोदल्या जातात. अशा जमिनीवरचा हिरवेपणा पाणी कुठे थांबते यावर ठरतो. बारव बुजली, ओढा अडला, उतारावर डांबर पडले, की पावसाचे पाणी वाहून जाते. बारवेची डागडुजी हे केवळ वारसाजतनाचे काम नाही, पाण्याच्या नियोजनाचेही आहे.

सुमारे 1,600 एकर जमीन विद्यापीठासाठी राखली गेली. वास्तुविशारद झैन यार जंग आणि सय्यद अली रझा यांना देशोदेशीची विद्यापीठे पाहायला धाडण्यात आले. इजिप्तमध्ये काम केलेल्या बेल्जियन अर्नेस्ट जास्पार यांच्याकडे आराखडा आला. 1934 साली पायाभरणी झाली आणि 4 डिसेंबर 1939 रोजी गुलाबी ग्रॅनाइटच्या आर्ट्‌स कॉलेजचे उद्‌घाटन.

शहरापासून दूर म्हणून वसतिगृहे आली, आणि वसतिगृहांबरोबर विद्यार्थ्यांचे एकत्र जगणे आले. 1938 साली ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून निजाम सरकारने मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा त्यात मराठवाड्यातली मुलेही होती. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना आपल्या महाविद्यालयांत जागा दिली. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक.

उस्मानियाचा धागा मराठवाड्यात आणखी एका आवाराशी जुळतो. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादेत सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आधी उस्मानियालाच संलग्न होते. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ झाल्यावर ते तिकडे गेले. या परिसराला बाबासाहेबांनी नाव दिले नागसेनवन, आणि तिथे झाडे लावण्याबद्दल ते आग्रही होते. ज्या मुलांना गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्यांच्यासाठी सावलीचे, स्वतःचे असे आवार उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हे. परिसराच्या हिरवाईला सामाजिक न्यायाचा असा अर्थ दिलेले उदाहरण महाराष्ट्राला अधिक ठाऊक असायला हवे.

अडिकमेटची जमीन मात्र तेवढीच राहिली नाही. विद्यापीठाच्या आसपास संस्था आल्या, रस्ते आले, अतिक्रमणांचे दावे कोर्टात गेले. उस्मानिया आता आपले आवार सुमारे 1,300 एकर असल्याचे सांगते. शहर चहूबाजूंनी वाढून आले आणि एके काळचे ‘शहराबाहेर’ आज भर वस्तीत आहे. पहाटे इथे फिरायला येणारे हजारो लोक विद्यापीठाचे विद्यार्थी नाहीत. त्यांच्या लेखी ही जवळची एकमेव मोठी मोकळी जागा आहे. विद्यापीठाची जमीन कमी झाली की नुकसान त्यांचेही होते, पण ती वाटली जाताना त्यांना कोणी विचारत नाही.

हैदराबादच्या दुसऱ्या टोकाला 2025 साली तोच प्रश्न उघड्यावर आला. 1974 च्या हैदराबाद विद्यापीठाला गचीबावलीत दोन हजारांहून अधिक एकर जमीन मिळाली होती. त्याला लागून असलेल्या कांचा गचीबावलीतील 400 एकर आयटी प्रकल्पांसाठी लिलावात काढायचे सरकारने ठरवले. जमीन आपलीच आहे असा सरकारचा दावा 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला होता. मार्चअखेर बुलडोझर घुसले, मोर आणि हरणे सैरभैर झाली, विद्यार्थी रस्त्यावर आले. 3 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर सुमारे 100 एकरांवरची झाडी साफ झाली होती. मालकी सरकारची असली तरी जंगल परवानगीशिवाय तोडता येईल का, हा वेगळा प्रश्न आहे, ही बाब न्यायालयाने उचलून धरली आणि तोडलेल्या जागेवर पुन्हा झाडी कशी आणणार ते सरकारकडे विचारले.