‘काटक’ : एका गौरवपर विशेषणाचा इतिहास

अंबरनाथच्या बुवापाड्यापासून बीड जिल्ह्यातील तांड्यांपर्यंत श्रमिक स्त्रीविषयी एक विशेषण सहज योजिले जाते : ‘काटक’. त्यात निंदा नाही, आदरच आहे. तथापि अशा आदराची किंमत कोणी मोजिली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा.

या प्रश्नाचे सर्वांत दाहक उदाहरण अमेरिकेतील कृष्णवर्णी स्त्रियांच्या इतिहासात आढळते. गुलामगिरीच्या काळात त्यांच्या देहाला वेदना कमी जाणवतात, असा समज रूढ होता. १८४५ ते १८४९ या काळात जे. मॅरियन सिम्स या शल्यवैद्याने अनार्का, ल्यूसी व बेट्सी या गुलाम स्त्रियांवर गुंगीचे औषध न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. गुलामगिरी संपली तरी ‘कणखर कृष्णवर्णी स्त्री’ ही प्रतिमा उरली. मिशेल वॉलेस यांनी १९७९ मध्ये तिची परखड चिकित्सा केली. कृष्णवर्णीयांची त्वचा अधिक जाड असते, असे मानणारे वैद्यकाचे विद्यार्थी २०१६ मधील एका अमेरिकन पाहणीतही आढळले. जिला बळकट म्हटले, तिचे दुखणे खरे मानले जाण्यास विलंब लागतो.

आपल्याकडील परिस्थिती वर्णभेदाची नसली, तरी युक्तिवादाची जात तीच आहे. मुंबई विधिमंडळात २८ जुलै १९२८ रोजी प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब असल्याचे प्रतिपादन केले. १९२९ मध्ये कायदा झाला. परंतु तो कारखान्यांपुरताच होता. शेतात राबणारी स्त्री त्याच्या कक्षेबाहेर राहिली. खाणींचा इतिहास याहून बोलका आहे. १९२९ च्या नियमांनुसार स्त्रियांना भूमिगत कामातून क्रमाक्रमाने दूर करण्यात येऊन १९३७ पर्यंत बंदी पूर्ण झाली. युद्धात कोळसा कमी पडू लागताच १९४३ मध्ये मध्यप्रांतासह काही भागांत ती उठविण्यात आली, आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. स्त्रीच्या सामर्थ्याविषयीचे मत गरजेप्रमाणे कसे बदलते, याचा हा पुरावा होय.

आजचा पुरावा ऊसतोडीच्या फडात आहे. तेथे पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल त्या जोडीच्या नावे असते. पहाटे स्वयंपाक, दिवसभर तोडणी, मोळ्या डोक्यावर वाहून गाडीत भरणे, आणि रात्री पुन्हा चूल, असा स्त्रीचा दिवस जातो. आजारपणाचा खाडा पडल्यास दंडाची रक्कम उचलीत चढते. मासिक पाळी व प्रसूती यांना या हिशेबात जागाच नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर शासनाने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली. पाहणीतील सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसून आले. त्यामागील कारणे अनेक होती : उपचारांतील नफेखोरी, कर्ज, अस्वच्छ तळ. परंतु ‘या बायका काटकच, चार दिवसांत कामाला लागतात’, अशी समजूत असेल तेथे या आकड्याने कोणी दचकत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. या स्त्रिया खरोखरच कणखर नाहीत काय? त्यांना स्वतःलाही त्याचा अभिमान नसतो काय? असतो, आणि तो रास्त आहे. मात्र कमावलेले बळ आणि जन्मजात मानलेले बळ यांत भेद केला पाहिजे. पहिल्यामागे सोसलेल्या कष्टांची नोंद असते. दुसऱ्यात ते कष्ट निसर्गाच्या खात्यावर मांडले जातात, आणि मग मजुरी, विश्रांती वा औषध यांचे देणे कोणाकडेच उरत नाही.

म्हणून श्रमिक स्त्रीचा इतिहास लिहिताना तिच्या सहनशक्तीची थोरवी गाऊन थांबणे पुरेसे नाही. तिला इतके सोसावे का लागले, आणि तिच्या सोसण्यातून कोणाची बचत झाली, हेही नोंदविणे हे आपले कर्तव्य आहे.