पावसाळ्यातलं साखरपाणी

मुलुंडमध्ये उन्हं तापायला लागली की रसवंतीच्या गुऱ्हाळावर गिऱ्हाइकांच्या आधी मधमाश्या हजर असतात. सांडलेल्या रसावर बसतात, चोथ्याच्या ढिगात शिरतात. रसवाला फडकं झटकतो, त्या जरा उठतात आणि परत बसतात. फुलं सोडून या उसाच्या नादी लागल्या म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. पण उसाची आणि मधमाशीची गाठ फार जुन्या काळी पडलेली आहे. इ.स.पू. 325 च्या सुमारास अलेक्झांडरचा आरमारप्रमुख निआर्कस सिंधूच्या मुलखात होता. माश्यांवाचून मध देणारा बोरू इथे उगवतो, अशी त्याची नोंद पुढे ग्रीक भूगोलकार स्ट्राबोनं जपून ठेवली. त्या बोरूचा ‘मध’ माणूस एके दिवशी माश्यांनाच पाजू लागेल, हे त्याच्या मनातही आलं नसेल.

माश्यांना खाऊ घालायची रीत मात्र साखरेच्या आधीची. रोमन शेतीलेखक कोलुमेला पोळ्याशी वाळके अंजीर कुटून पाण्यात भिजवून ठेवायला सांगतो, नाहीतर आटवलेला द्राक्षरस. साखर तेव्हा युरोपात औषधापुरतीच होती आणि पुढेही कित्येक शतकं महागच राहिली. गवताच्या करंड्यांत माश्या पाळणारे शेतकरी शरदात गंधकाची धुरी देऊन वसाहत मारत आणि मध काढत. मेलेल्यांना कोण जेवू घालणार?

हा हिशेब एकोणिसाव्या शतकात बदलला. लँगस्ट्रॉथनं 1852 साली उचलत्या चौकटींच्या पेटीचं पेटंट घेतलं. 1865 मध्ये फॉन ह्रुश्कानं पोळं न मोडता मध काढायचं फिरतं यंत्र दाखवलं. आता माश्याही जिवंत राहत आणि त्यांचं कोठारही रिकामं करता येई. नेमकी त्याच सुमारास बिटाची साखर स्वस्त झाली होती. ब्रिटननं तर 1874 साली साखरेवरचा करच उठवला. मध विकायचा आणि त्याच्या जागी साखर ठेवायची, असा हा व्यवहार. स्पष्टच बोलायचं तर चोरीनंतरची भरपाई.

त्यातून जो पाठ बसला तो आजही पुस्तकात सापडतो: हिवाळ्यापूर्वी दोन भाग साखर, एक भाग पाणी, वसंतात समसमान. कारण सरळ आहे. हिवाळ्याचा पाक साठवायचा असतो. पाण्याचा अंश वीस टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत माश्यांना पंखांनी वारा घालून तो आटवावा लागतो. पाणी जितकं जास्त तितके कष्ट वाढतात, आणि थंडीच्या तोंडावर त्यांच्याकडे तेवढी ताकद नसते. वसंतातला पातळ पाक मकरंदासारखा लागतो आणि राणी अंडी घालू लागते.

हा पाठ आपल्याकडे आला तो हिवाळ्यासकट. 1910 नंतर तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी आपल्या सातेरी माशीसाठी लहान पेटी बेतली. 1934 साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत मधपेट्या आल्या. पुढे खादी आयोग झाला. त्याचं मुख्यालय आमच्या उपनगरांतच, विलेपार्ल्याच्या इर्ला रोडवर आहे. पुण्यात 1962 साली मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली. पेटी बेतून घेतली, पण ऋतूचं काय करायचं? मुलुंडच्या डिसेंबरात स्वेटर निघतो तो हौसेपोटी. सह्याद्रीत फुलांचे दिवस थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत, जांभूळ-हिरड्याच्या मोहरापर्यंत. माश्यांची उपासमार होते आषाढ-श्रावणात. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात माशीला दिवसचे दिवस पेटीबाहेर पडता येत नाही आणि पडली तरी फुलातला मकरंद धुऊन गेलेला. तिथल्या मधपाळांनी पुस्तकातला ‘हिवाळा’ खोडून ‘पावसाळा’ वाचला.

माझ्या मते खरा फरक महिन्यांचा नाहीच. युरोपातली उपाशी माशी पेटीत मरून पडते. आपली सातेरी मरायची वाट बघत नाही; पोळं ओस टाकून सगळी वसाहत निघून जाते. तिथला पाक जगवण्यासाठी, इथला थांबवून घेण्यासाठी. पाहुण्याला आणखी चार दिवस राहा म्हणताना पुढ्यात ताट ठेवावं, तसा. आठवड्याला पेटीमागे साधारण 200 ग्रॅम साखर आणि तेवढंच पाणी. पाणी उकळून उतरवायचं, साखर विरघळवायची आणि थंड झालं की करवंटीत ओतून वर काड्या टाकायच्या, म्हणजे माश्या बुडत नाहीत. द्यायचं संध्याकाळी. दिवसा दिलं तर वासानं दुसऱ्या पेटीतल्या माश्या येऊन लुटालूट करतात.

याला पाक म्हणतात खरं, पण गुलाबजाम करणाऱ्या हाताला तो साधत नाही. तार बघायची सवय इथे घातक. साखर फार शिजली की त्यात माश्यांना बाधणारी द्रव्यं तयार होतात. गूळ पौष्टिक म्हणून तोच घालावा, असं आपल्या मनात पहिलं येतं, तोही नको. त्यातले क्षार त्यांना पचत नाहीत, हगवण लागते. शुभ्र साखर आरोग्याला वाईट, हे आपण ऐकत आलो. माशीला मात्र तीच मानवते.

मुलुंडच्या पाठीशी असलेल्या येऊरच्या डोंगरांत एक सवलत आहे. तिथली कारवी आठ वर्षांनी एकदम फुलते. 2008, 2016 आणि 2024 मध्ये ऐन पावसाच्या उतरणीला डोंगर जांभळा झाला होता. असं एक वर्ष आलं की माशीची चंगळ. मधली सात वर्षं ती सोय नाही.

बहर सुरू होताच करवंटी उचलायची, हा मात्र सक्त नियम. नाहीतर साखर मधात उतरते. उसाच्या कर्बाची घडण बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळी असते आणि समस्थानिकांच्या तपासणीत ती उघडी पडते. बिटाची साखर या चाचणीतून निसटते. तांदळापासून केलेले साखरपाकही निसटतात. 2020 मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं बाजारातल्या मधातली भेसळ दाखवली ती अशाच पाकांची होती. ऊस पकडला जातो. निआर्कसला बोरूचा मध आणि माशीचा मध एकाच जातीचे वाटले होते. यंत्र तेवढ्यावर फसत नाही.