माळा, मचाण आणि निरीक्षण मनोरा : लाकडी बांधणीच्या शाश्वततेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

अभयारण्यात पक्षिनिरीक्षणासाठी लाकडी मनोरा उभारावयाचा झाल्यास त्याचा विचार बहुधा स्थापत्यशास्त्राच्या अंगाने केला जातो. उंची किती, भार किती, लाकूड कोणते, हे प्रश्न आवश्यकच आहेत. तथापि उंचावरून पाखरे पाहण्याच्या या साधनाला स्वतःचा इतिहास आहे. ज्या लाकडातून ते उभे राहते त्या लाकडालाही इतिहास आहे. या दोहोंकडे दुर्लक्ष झाल्यास ‘शाश्वत’ हे विशेषण केवळ शोभेचे उरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उंच आसनाची तीन रूपे

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला उंच लाकडी आसन नवे नाही. जोंधळ्याच्या कणसात दाणा भरू लागला की शेतात मेढी रोवून माळा घालावयाचा आणि त्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकावयाची, ही जुनी रीत होय. सुगी सरली की माळा मोडता येई आणि त्याचे लाकूड दुसऱ्या कामी येई. दुसरे रूप शिकाऱ्याच्या मचाणाचे आणि तिसरे आजच्या निरीक्षण मनोऱ्याचे. माळ्यावरील राखणदाराने पाखरांना दिसावे, हेच अपेक्षित असते. शिकारी आणि निरीक्षक या दोघांना मात्र दडून राहावे लागते. म्हणजे हेतूने कितीही भिन्न असला, तरी निरीक्षण मनोरा रचनेने मचाणाचा वारस आहे. हा वारसा आडोशापुरताच मर्यादित राहिला काय, हे तपासण्यास भरतपूरचे उदाहरण उद्बोधक आहे.

भरतपूरचा दाखला

राजस्थानातील केवलादेव घना हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र अठराव्या शतकातील अजान बांधाच्या पाण्यावर पोसले गेले. संस्थानी काळात तेथे कालवे व बांध घालून बदकांच्या शिकारीचे राखीव क्षेत्र विकसित झाले. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. अशा शिकारींची नोंद केवलादेवाच्या मंदिराजवळील दगडी फलकांवर कोरलेली आहे.

पुढे हे क्षेत्र १९८१ मध्ये रामसर यादीत आले, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा स्थळ ठरले. बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली. परंतु पाहणाऱ्यासाठी क्षेत्र राखावयाचे आणि भोवतालच्या माणसाला बाहेर ठेवावयाचे, ही जुनी धारणा टिकून राहिली. १९८२ मध्ये गुरचराईवर बंदी आली. तिच्या विरोधातील संघर्षात पोलीस गोळीबार होऊन काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून नंतर असे दिसून आले की, म्हशींची चराई थांबल्याने पाणगवत माजले आणि पाणपक्ष्यांना आवश्यक असलेले मोकळे पाणी कमी झाले. मनोऱ्यावरून जे दृश्य ‘नैसर्गिक’ भासते, त्यात गुराख्याच्या वहिवाटीचाही वाटा असतो, हा धडा प्राणांची किंमत मोजून मिळाला.

टिकाऊ आणि शाश्वत

आता लाकडाकडे वळू. सागाचे गाभ्याचे लाकूड वाळवीला व कुजण्याला सहसा दाद देत नाही. मुंबईच्या गोदीत सागापासून बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरविलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. टिकाऊपणाचा याहून सबळ पुरावा कोणता? पण त्याच काळात नौदलाच्या गरजेपोटी मलबारच्या सागावर कंपनीने मक्तेदारी बसविली. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. स्थानिक जमीनमालक व व्यापारी यांचा असंतोष इतका वाढला की, १८२३ मध्ये ते पदच रद्द करावे लागले. लाकूड टिकाऊ होते. ते मिळविण्याची पद्धत शाश्वत नव्हती.

याउलट रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड मिळविण्याविषयी वेगळी दृष्टी दिसते. आंबा, फणस ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावे, असा त्याचा आशय आहे. झाडाचे वय, त्याची उपयुक्तता आणि धन्याची संमती हे तिन्ही निकष येथे एकत्र आले आहेत.

अर्वाचीन दाखला

नेदरलँड्समधील स्टेलेन्डामजवळच्या स्कीलहुक या राखीव क्षेत्रात २०१९ मध्ये ‘टाय’ नावाची लाकडी निरीक्षणशाळा उभी राहिली. तिचा आकार सुरय पक्ष्याच्या अंड्यासारखा असून वरचा भाग गवताने शाकारलेला आहे. पक्षी बुजू नयेत म्हणून प्रवेश झाकलेल्या बोगद्यातून ठेवला आहे. लाकडी भाग सुटे करून रचना उतरविता येते. सुगीनंतर माळा मोडणाऱ्या शेतकऱ्याला हे तत्त्व अपरिचित वाटणार नाही.

निष्कर्ष

महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० मध्ये घोषित झालेल्या नांदूर मधमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमावर असा मनोरा कल्पिल्यास वरील इतिहासातून काही निकष हाती येतात. लाकूड कोठून व कोणाच्या संमतीने आले, याची नोंद असावी. बांबूचा विचार व्हावा. वनक्षेत्राबाहेरील बांबू २०१७ च्या कायदेदुरुस्तीने ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला असल्याने शेतकऱ्याला तो पुरविणे सुलभ झाले आहे. सांधे उकलता येतील असे असावेत, म्हणजे कुजलेला खांब तेवढाच बदलता येईल. आणि मनोऱ्याची जागा ठरविताना काठावरचे मच्छीमार, गुराखी व शेतकरी यांना प्रथम विचारले जावे. उंचावरून दूरचे दिसते. पायथ्याशी उभा असलेला माणूस मात्र नजरेतून सुटतो. भरतपूरला तेच घडले होते.