सॅम पोलॉक यांचा गोपनीय अहवाल

सहकाऱ्यांचे वार्षिक मूल्यांकन अहवाल लिहायला बसलो की दरवर्षी एकच प्रश्न मला सतावतो. ज्या कामाचे फळ दहा वर्षांनी मिळणार, ते बारा महिन्यांच्या चौकटीत मोजायचे कसे? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मला प्रशासनाच्या नव्हे, तर कॅनडातील बर्फावरच्या हॉकीच्या इतिहासात सापडले.

तिकडच्या व्यावसायिक संघात जनरल मॅनेजर हा प्रशिक्षक नसतो. खेळाडू निवडणे, त्यांची इतर संघांशी अदलाबदल करणे, प्रशिक्षक नेमणे ही त्याची कामे. तो स्वतः खेळात उतरत नाही आणि त्याच्या निर्णयांचा परिणाम बहुधा काही वर्षांनी दिसतो. माँट्रियल कॅनेडियन्स या संघाचे सॅम पोलॉक १९६४ ते १९७८ या काळात या पदावर होते. या चौदा वर्षांत संघाने स्टॅन्ले कप हा सर्वोच्च करंडक नऊ वेळा जिंकला. आकडा एवढा मोठा आहे की पुढे काही तपासण्याची गरजच वाटू नये. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथेच थांबून विचारावे, की हातात आलेले भांडवल किती होते?

ते भरपूर होते. त्यांचे पूर्वसुरी फ्रँक सेल्के यांनी १९४६ पासून कनिष्ठ संघांचे विस्तृत जाळे उभारले होते. त्या जोरावर त्यांच्या कारकिर्दीत संघाने सहा करंडक जिंकले. पोलॉक यांना जाँ बेलिव्होसारखा थोर खेळाडू वारशातच मिळाला. तेव्हा १९६५ आणि १९६६ च्या विजयांचे सारे श्रेय त्यांच्या खात्यावर टाकणे योग्य नव्हे. मात्र ते जाळे चालवण्यात सेल्के यांच्या हाताखाली स्वतः पोलॉकही होते, हेही विसरता येत नाही. हिशेब इथूनच गुंतागुंतीचा होतो.

आता १९७० सालाकडे पाहू. आदल्या दोन्ही वर्षांचा विजेता असलेला हा संघ त्या वर्षी अंतिम फेऱ्यांसाठी पात्रही ठरला नाही. न्यूयॉर्क रेंजर्सशी गुण समान झाले, विजयही समान झाले आणि केवळ कमी गोल केल्यामुळे माँट्रियल बाहेर पडला. गंमत म्हणजे ज्या ९२ गुणांवर तो बाहेर पडला, तेवढे गुण दुसऱ्या विभागातील एकाही संघाला मिळालेले नव्हते. पण वार्षिक अहवालात असे तपशील येत नाहीत. तिथे एकच शब्द आला असता : अपयश.

आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात पोलॉक यांनी आपल्या कारकिर्दीतला सर्वांत दूरदर्शी व्यवहार केला. ओकलंडच्या दुबळ्या सील्स संघाकडून त्यांनी १९७१ सालच्या नवोदितांच्या निवडीतला पहिल्या फेरीचा हक्क मिळवला. तळाच्या संघाला प्रथम निवड, असा तेव्हा तिथला नियम होता. पुढच्या मोसमात सील्स तळाशी गेला, पहिला क्रमांक माँट्रियलकडे आला आणि त्यातून गी लाफ्लर संघात दाखल झाला.

या व्यवहाराभोवती पुढे एक आख्यायिकाही जमली. सील्सच तळाशी राहावा म्हणून पोलॉक यांनी जानेवारी १९७१ मध्ये राल्फ बॅकस्ट्रॉम हा अनुभवी खेळाडू लॉस एंजेलिसला देऊन त्या संघाला वर उचलले, असे सांगतात. परंतु लॉस एंजेलिसने मोसमाअखेर सील्सपेक्षा तब्बल १८ गुण अधिक मिळवले होते, आणि बॅकस्ट्रॉमला स्वतःलाच माँट्रियल सोडायचे होते. यशस्वी माणसाच्या प्रत्येक सहीमागे आपण मागाहून डावपेच शोधतो. तोही मूल्यमापनातला दोषच.

बरे, लाफ्लर लगेच चमकला का? नाही. पहिल्या तीन मोसमांत त्याचे गोल २९, २८ आणि २१. १९७४ मध्ये निर्णय द्यायचा असता तर निवड फसली असेच म्हणावे लागले असते. चौथ्या मोसमात त्याने ५३ गोल केले. पुढे १९७६ ते १९७९ असे सलग चार करंडक आले. १९७६-७७ च्या मोसमात तर ८० पैकी केवळ ८ सामने संघाने गमावले.

यातला चौथा, १९७९ चा करंडक पोलॉक यांच्या नावावर नाही. ते आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते आणि पदावर आयर्विंग ग्रंडमन होते. संघ मात्र पोलॉक यांनी बांधलेला. उलट १९८० मध्ये पहिल्या निवडीचा हक्क पुन्हा माँट्रियलकडे होता, तोही पोलॉक यांनी १९७६ मध्ये कोलोरॅडो संघाशी केलेल्या व्यवहारातून. ग्रंडमन यांनी डग विकेनहायझरला निवडले. माँट्रियलमध्येच वाढलेला डेनिस सव्हार्ड शिकागोकडे गेला आणि मोठा खेळाडू झाला. संधी एकाची, निवड दुसऱ्याची. दोन्ही नोंदी वेगवेगळ्याच ठेवायला हव्यात.

म्हणून माझ्या मते अशा कारकिर्दीला तीन प्रश्न विचारावेत. काय मिळाले होते? निर्णयाच्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर तो शहाणपणाचा होता का? आणि जाताना मागे काय ठेवले? पहिल्या प्रश्नावर पोलॉक यांचे थोडे गुण कापले जातात. उरलेल्या दोहोंवर ते फार वर राहतात.

हे लिहिताना एक जुना अहवाल आठवतो. एका कार्यालयात माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्याने सबंध वर्ष जुन्या नोंदवह्यांचा मेळ घालण्यात घालवले. प्रकरणांच्या निपटाऱ्याचा आकडा घसरला आणि मी त्याला ‘साधारण’ हा शेरा दिला. दोन वर्षांनी त्याच नोंदींच्या आधारे थकलेली प्रकरणे भराभर निकाली निघाली. शाबासकी त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला मिळाली. मी तोवर बदलून गेलो होतो आणि तो शेरा कायम राहिला. माझ्यासमोरही एक १९७० साल उघडे होते, मला ते वाचता आले नाही.