विमान जुने होते, इंजिन पोरके होते : सिरस, जिप्सी आणि घाटग्यांचे एचटी-२

अकोला जिल्ह्याच्या पश्चिमेस बाळापूर आणि पूर्वेस मूर्तिजापूर. याच मूर्तिजापुरावरून यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही दिशांना ‘शकुंतला’ धावत असे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ, ही गाडी ओढत राहिले. एवढा काळ कारखानदाराच्या आधारावर कोणतेही यंत्र चालत नसते. लोखंड ओतणारे, कांतकाम करणारे आणि त्या इंजिनाची प्रकृती ओळखणारे हात जवळ असले, तर मूळ कारखाना मिटला तरी जमिनीवरचे यंत्र जगते. बिघडलेच तर गाडी रानात उभी राहते, प्रवासी उतरून वाट पाहतात.

आकाशात ही सवलत नाही. तेथे प्रत्येक सुट्या भागाला जन्मदाखला लागतो. तो कोणी घडवला, कोणत्या धातूचा, कोणत्या तपासणीतून उतरला, हे कागदावर सिद्ध करावे लागते. इंजिनाची ठरावीक तासांनी संपूर्ण उकल करून पुनर्जुळणी करावी लागते आणि त्या कामासाठी मूळ निर्मात्याची मापे, सूचना व भाग हाताशी असावे लागतात. म्हणूनच जुने हलके विमान निवडणारा मनुष्य वस्तुतः इंजिन निवडत असतो. सांगाडा कुशल कारागीर पुन्हा उभा करू शकतो, पंखांवरचे कापड बदलता येते. पोरक्या इंजिनाला मात्र वाली मिळणे कठीण.

या प्रश्नाचा इतिहास हलक्या विमानांच्या जन्मापासूनच सुरू होतो.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये युद्धसामग्रीचे डोंगर पडून होते. त्यांत रेनोची आठ सिलिंडरांची इंजिनेही होती. फ्रँक हालफर्ड या अभियंत्याने अशा इंजिनाचा जणू उभा छेद घेतला : आठांपैकी चार सिलिंडरांची एक रांग, तिला नवे कवच, आणि तयार झाले साधारण ६० अश्वशक्तीचे ‘सिरस’. फेब्रुवारी १९२५ मध्ये जेफ्री डी हॅविलंड यांनी याच इंजिनावर आपले ‘मॉथ’ विमान प्रथम उडवले. (डी हॅविलंड यांना पतंग-फुलपाखरांचा छंद होता. मॉथ, पस मॉथ, टायगर मॉथ ही नावे त्यातूनच आली.) स्वस्त भागांवर उभे असल्याने इंजिन स्वस्त, म्हणून विमानही स्वस्त, फ्लाइंग क्लबांची चळवळ फोफावण्यात या स्वस्ताईचा मोठा वाटा आहे.

परंतु डोंगर कितीही मोठा असला तरी उपसून संपतोच. मॉथची मागणी वाढत गेली आणि रेनोच्या जुन्या भागांचा साठा आटत गेला. डी हॅविलंड यांनी वेळीच ओळखले की दुसऱ्याच्या उरलेल्या मालावर आपला धंदा उभा आहे. त्यांनी हालफर्ड यांच्याकडूनच संपूर्ण नवे इंजिन आखून घेतले, ते ‘जिप्सी’. पुढे हेच इंजिन उलटे करून, म्हणजे सिलिंडर खाली आणि दांडा वर ठेवून, बसवण्यात आले. त्यामुळे वैमानिकाला समोरचे अधिक दिसू लागले. या मालिकेतील ‘जिप्सी मेजर’ तर चौदा हजारांहून अधिक संख्येने तयार झाले.

संख्या मोठी असण्याचा अर्थ काय, हे १९३० सालच्या एका प्रसंगातून कळते. इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. पंचवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, सतरा वर्षांचे अ‍ॅस्पी इंजिनीअर इंग्लंडहून. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ. इजिप्तमध्ये अबूकीरच्या तळावर जे. आर. डी. उतरले तेव्हा अ‍ॅस्पी तेथे अडकून पडले होते; त्यांना स्पार्क प्लग हवे होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. जे. आर. डीं.नी आपल्याकडील प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. बक्षीस अ‍ॅस्पींनी जिंकले. ही कथा नेहमी खिलाडूवृत्तीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. मात्र दोघांची इंजिने एकाच घडणीची होती म्हणून एकाच्या पेटीतील वस्तू दुसऱ्याच्या कामी आली, ही बाजू सहसा कोणी सांगत नाही.

आता स्वातंत्र्योत्तर बंगळूर. हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे एका प्रशिक्षण विमानाचा आराखडा करत होते. मूळचे कोल्हापूर भागातील, जन्म १९०८ चा. जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. आधुनिक वायुगतिकीचा पाया घालणाऱ्यांत ज्यांची गणना होते, तेच हे प्रांटल. घाटग्यांचे विमान ‘एचटी-२’ ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेपावले. संपूर्ण धातूचे, खालच्या पंखांचे, एकामागे एक दोन आसनांचे. लाकूड आणि कापडाच्या टायगर मॉथवर शिकणाऱ्या पिढीच्या दृष्टीने ही मोठी झेप होती.

पहिल्या नमुन्यावर जिप्सी मेजर होते. १९५२ मध्ये उडालेल्या दुसऱ्या नमुन्यावर मात्र ब्लॅकबर्न कंपनीचे १५५ अश्वशक्तीचे ‘सिरस मेजर ३’ आले आणि उत्पादनासाठी तेच ठरले. सिरसचे घराणे तोवर ब्लॅकबर्नकडे गेले होते. शक्तीचा हिशेब पाहता निवड समजण्यासारखी आहे. जिप्सी मेजरच्या तत्कालीन आवृत्तीपेक्षा दहा अश्वशक्ती अधिक मिळत होती आणि धातूच्या विमानाला ती हवीच होती. तरीही मागे वळून पाहता हा सौदा महागाचा वाटतो. देशात टायगर मॉथमुळे जिप्सीचे भाग आणि जिप्सी जाणणारे फिटर होते. सिरस मेजरचे गिऱ्हाईक जगातच मोजके : काही ऑस्टर, काही माइल्स विमाने, आणि आता आपले एचटी-२. त्यात ब्लॅकबर्नचे लक्ष १९५० च्या दशकातच फ्रेंच टर्बोमेकाच्या परवान्यावरील लहान गॅस टर्बाइनांकडे वळले. १९६० च्या सुमारास ही कंपनी हॉकर सिडले समूहात सामावली.

एचटी-२ ची बांधणी मात्र भक्कम होती. दीडशेहून अधिक विमाने बनली, बारा विमाने घानाच्या नव्या हवाई दलालाही मिळाली, आणि भारतीय हवाई दलाच्या नवशिक्यांना हे विमान १९८० च्या दशकापर्यंत शिकवत राहिले. म्हणजे सांगाडा आपल्या इंजिनाच्या कारखान्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षे अधिक जगला. अखेरीस काही एचटी-२ विमानांवर अमेरिकेच्या लायकमिंग कंपनीचे १६० अश्वशक्तीचे इंजिन बसवण्यात आले. ऐकायला सोपे वाटते. परंतु इंजिन बदलले की वजनाचा तोल, थंडावा, इंधनाची वाट, सारे पुन्हा सिद्ध करावे लागते.

‘संपूर्ण स्वदेशी’ असा गौरव करताना या विमानाचे हृदय विलायती होते, हे विसरले जाते. त्यात घाटग्यांचा दोष नाही. देशात तेव्हा विमानाचे इंजिन बनतच नव्हते. निवड होती ती कोणावर अवलंबून राहायचे एवढीच. १९५८ मध्ये उडालेल्या, फ्लाइंग क्लबांसाठीच्या ‘पुष्पक’वर हिंदुस्तान एअरक्राफ्टने ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेन्टल इंजिन घेतले. अमेरिकेत खासगी विमानांचा पसारा एवढा, की त्या इंजिनाचे भाऊबंद सर्वत्र होते. मोठ्या घराण्यात सोयरिक केल्यासारखेच हे.

अर्थात घराणे मोठे असले म्हणजे संसार सुखाचाच होतो असे नाही. एचटी-२ नंतर आलेल्या ‘एचपीटी-३२ दीपक’वर सर्वपरिचित लायकमिंग इंजिन होते, तरीही हवेत इंजिन बंद पडण्याच्या घटना थांबल्या नाहीत, वैमानिकांचे बळी गेले आणि २००९ मध्ये ती विमाने जमिनीवर ठेवावी लागली. सुटे भाग मिळणे ही एक गोष्ट, विमानात इंजिनाची मांडणी बिनचूक असणे ही दुसरी. आणि तिसरी इंधनाची : पिस्टन इंजिनांना लागणारे विशेष पेट्रोल भारत आयात करत असे, इंडियन ऑईलने वडोदऱ्यात तयार केलेले हे इंधन बाजारात आणले ते २०२२ मध्ये.

जे. आर. डीं.नी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले ते ‘पस मॉथ’मधून; त्यावर १२० अश्वशक्तीचे जिप्सी-३ होते. या उड्डाणाची पन्नाशी त्याच मार्गावर, तशाच जुन्या विमानातून साजरी करायचे ठरले, तेव्हा निवड झाली ‘लेपर्ड मॉथ’ची. पस मॉथचे हे धाकटे भावंड, आणि नाकाशी तेच, चौदा हजारांच्या गोतावळ्यातले जिप्सी मेजर. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. कराचीहून त्यातून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले.